गावाकडचं सूर लावून रडणं तुमच्याकडे अजून आहे का?

फलटणची_नात

नमस्कार मंडळी. थोड्या दिवसांपूर्वी आमची आजी गेली, वडिलांची आई, फलटण तालुक्यातल्या गावी. वय झालेलं, वर्षभर अंथरुणालाच होती, त्यामुळे धक्का असा नव्हता. पण मातीच्या दिवशी जे कानावर पडलं ते काही केल्या डोक्यातनं जाईना म्हणून इथे विचारतेय.

माझी थोरली आत्या एसटीनं आली. फाट्यापासून चालत येईपर्यंत गप्प होती म्हणे, गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथून तिनं सूर लावला. आणि ते नुसतं रडणं नव्हतं हो, त्यात आख्खी आजी होती. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कशी गेली, मिलोच्या म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी पोरांना घालून स्वतः पाण्यावर कशी निजली, धाकट्या काकाला गोवर आला तेव्हा कुठल्या कुठल्या देवाला नवस बोलली, म्हातारपणी चष्मा फुटला तर कुणाला सांगितलं नाही, दोरा बांधून वापरला. प्रत्येक ओळीच्या शेवटी "माझे बयेऽऽ" असा लांब हेल. मला आजीबद्दलचं यातलं निम्मं माहीतच नव्हतं. मी पस्तिशीची आहे आणि सगळ्या सुट्ट्या आजीकडेच काढल्यात.

तेवढ्यात आमच्यातलाच एक भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, आत्या जरा हळू, व्हिडिओ कॉलवर बाहेरची मंडळी आहेत, बरं दिसत नाही. आणि कुणीतरी स्पीकरवर भजन लावलं. आत्या गप झाली. कोपऱ्यात जाऊन बसली ती शेवटपर्यंत काही बोललीच नाही.

तर विचारायचं असं की हे तुमच्याकडे अजून आहे का, कोण करतं, शिकतात कुठून, कुणी रेकॉर्ड वगैरे केलंय का. आणि आत्याला परत विचारलं तर ती सांगेल का, की असं मागणंच चुकीचं आहे? प्लीज ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

---

माणदेशी_माणूस

ताई, आजींना श्रद्धांजली. तुम्ही लिहिलंय ते वाचून माझ्या चुलतीचा आवाज कानात आला बघा.

आमच्या माण-खटाव भागात हे अजून आहे पण साठीच्या पुढच्या बायकांतच. शिकायला कोण जात नाही कुठं, लहानपणापास्नं आईच्या पदराला धरून मयताला गेलेली पोरगी ऐकून ऐकूनच तयार होती. आणि सगळ्यांना येत नाही हां. भावकीत दोन-तीनच बाया अशा असतात की त्या आल्या की बाकीच्यांना पण रडू फुटतं, एरवी नुसत्या बसलेल्या असतात.

त्याला एक रीत असती. आधी हाक. मेलेल्या माणसाशी आपलं जे नातं त्याच नात्यानं हाक, दादा, बया, आबा, माझ्या राजा, लेकरा. मग त्याचं आयुष्य, ते पण असं मोघम नाही, अगदी बारीक बारीक, कुठल्या साली कुठली बैलजोडी घेतली इथपर्यंत. मग गाऱ्हाणं. आणि शेवटी प्रश्न, ज्याला उत्तर नसतं. बहीण भावासाठी रडती तेव्हा ठरलेलं असतं की आता पंचमीला मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला, कोण येणार. माझी चुलती माझ्या वडलांना रडली ते मला आजपण पाठ आहे, "दादाऽऽ, पंचमीला वाट बघायची मी रंऽऽ, आता फाट्यावर कुणाची टोपी बघू रंऽऽ." माझे वडील पांढरी टोपी घालायचे आणि तिच्या गावच्या फाट्यावर उतरले की ती लांबनं टोपीवरनं ओळखायची. बास, एवढ्यात सगळं आलं.

आलेली बाई घरातल्या बाईच्या गळ्यात पडती, मग दोघी आळीपाळीनं. ही विचारती ती सांगती. शेवटचं आजारपण, कोण जवळ होतं, पाणी कुणी पाजलं, काय मागितलं, सगळं त्या सुरातच कळतं. बाहेर बसलेल्या बाप्यांना पण आत काय घडलं ते तिथनंच समजतं. मग एखादी म्हातारी उठून म्हणती, "गप बया, किती रडशील, पाणी पी." की थांबायचं. आणि थांबल्यावर लगेच विचारतात, कवा निघालीस, तिकडं पाऊस हाय का. शहरातली पोरं हेच बघून म्हणतात की नाटकी रडणं आहे, आत्ता रडत होती आत्ता पावसाचं बोलती. मला याचा फार राग येतो. अहो त्या बाईला दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक पावण्याबरोबर परत रडायचं असतं, मधी श्वास नको घ्यायला? दुःख खरं असतं म्हणूनच त्याला थांबायची जागा करून ठेवलीये.

आता खरं सांगायचं ते हे. ही एकच जागा होती जिथं बाई सगळ्या भावकीसमोर, पंचासमोर, वाट्टेल ते बोलू शकायची आणि तिला मधी तोडायची कुणाची हिंमत नव्हती. एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही ती बाई मयताच्या दिवशी सुरात सांगायची की दादा तुला दवाखान्यात न्यायला यांच्याकडं पैसा नव्हता आणि त्याच आठवड्यात दाराशी मोटारसायकल आली. सगळ्यांनी ऐकलं. उत्तर कुणी द्यायचं नाही. आमच्या गावात एका बहिणीनं असंच रडताना जमिनीच्या वाटणीचं बाहेर काढलं होतं, दहाव्याच्या आत वाटणी नीट झाली.

म्हणून तुमच्या भावानं आत्याला गप केलं ते मला लई लागलं. तुमच्या आत्याचं बोलणं अर्धं राहिलंय.

---

चेन्नईत_राहणारी

हे सगळं वाचून कुणीतरी राजस्थानच्या पैसे घेऊन रडणाऱ्या बायकांचं नाव काढणारच म्हणून आधीच लिहिते, आपल्याकडे तसं नाही. इथे रडणारी नात्यातली, भावकीतली नाहीतर शेजारची असते. तिला फार तर चहा आणि कडू घास.

मी बरीच वर्षं चेन्नईत आहे. इथे याला ओप्पारी म्हणतात, खेड्यांतून अजून ऐकू येते, पराई नावाचं चामड्याचं वाद्य वाजतं आणि बायका गोल करून बसून, छाती पिटून म्हणतात. घरच्या बायका म्हणतात आणि बोलावून आणलेल्या पण असतात. पंजाबात वैण आणि सियापा, तिथे तर मिरासी नाहीतर न्हावी समाजातली एक बाई पुढे म्हणायची आणि बाकीच्या तिच्यामागे. आपल्याकडे अशी पुढारी बाई नसते, जिचं नातं जास्त जवळचं तिचा सूर पुढे, एवढंच. मला आपलं हे जास्त आवडतं. आजीला रडायचा पहिला हक्क लेकीचा, ती आली की बाकीच्या आपोआप बाजूला सरकतात.

---

बीडची_लेक

फलटणच्या ताई, तुम्ही रेकॉर्डचं विचारलंय म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

मयताच्या दिवशीचं जे रडणं आहे ते कुणी फारसं टेप केलेलं नाही, करणार तरी कसं. पण त्याच बायकांनी तेच दुःख जात्यावर ओव्यांत घातलं आणि ते मात्र सापडतं. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशी-मावळातल्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, पुढे मराठवाड्यापर्यंत गेले. एक लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं बऱ्याच आवाजात टेप केल्या. प्वातव्हाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. आता ते सगळं पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहे, २०१७ पासून टाकतायत, बायकांच्या आवाजासकट ऐकायला मिळतं. नक्की बघा.

त्यात मरणाच्या ओव्यांचा एक मोठा भाग आहे, अहेव मरणाचा. म्हणजे नवऱ्याच्या आधी जाणं. त्यात बाई स्वतःचंच मरण डोळ्यासमोर आणते, हिरवं लुगडं, मळवट भरलेलं कपाळ, भरलेली ओटी, माहेरहून भावानं आणलेलं शेवटचं लुगडं, नवरा कसा बसलाय, आई कशी येते. आजीला मी लहानपणी विचारलं होतं की स्वतःच्या मरणाची गाणी काय म्हणतेस, तर म्हणाली, मग दुसरं कोण म्हणणार. मला कॉलेजात असताना या ओव्यांचा संताप यायचा, की हे काय, नवऱ्याआधी मरणं हे भाग्य? पण आजीची जाऊ पंचविशीत विधवा झाली होती आणि त्याच घरात पुढची सगळी वर्षं मागच्या खोलीत राहिली, हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, लग्नात हळद लावायला हात नाही. ते बघत बघत आजी जात्यावर बसायची. अहेव मरण तिला का हवं होतं ते मला त्या मागच्या खोलीनं सांगितलं.

अजून एक म्हणजे सासूसाठी सुनेनं रडणं. हे मी प्रत्यक्ष ऐकलंय, माझी आईच आजीला रडली तेव्हा. "मला चौदाची आणलीस गं आत्याबाईऽऽ, भाकरी करपली म्हणून उपाशी निजवलीस गंऽऽ, मध्यान रातीला ताट घेऊन तूच आलीस गंऽऽ." एकाच श्वासात गाऱ्हाणं आणि माया. आईनं हे आम्हाला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, ना करपलेल्या भाकरीचं ना रात्रीच्या ताटाचं. श्रद्धांजलीच्या भाषणात हे येईल का सांगा. तिथे सगळे मनमिळाऊ आणि प्रेमळ असतात.

---

आळंदीकर_वारकरी

राम कृष्ण हरी. सगळ्यांच्या भावना पटतात पण दुसरी बाजू पण मांडतो, राग मानू नये.

आमच्या घरात मयताला रडू देत नाहीत. टाळ-मृदंगात नेतात, स्मशानापर्यंत भजन, दहाव्याला प्रवचन. याला आधार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत सरळ सांगितलंय की नातेवाइकांनी गाळलेले अश्रू प्रेताला नाइलाजानं प्यावे लागतात, म्हणून रडू नये, शक्तीप्रमाणे क्रिया कराव्यात. गेलेल्याचा पाय मोकळा व्हावा म्हणून आपण गप बसायचं. ताईंच्या भावानं कदाचित याच विचारानं भजन लावलं असेल, त्याला एकदम दोष देऊ नये असं मला वाटतं.

---

फलटणची_नात

दादा राम कृष्ण हरी. राग नाही. पण तो भाऊ याज्ञवल्क्यासाठी नाही म्हणाला हो, व्हिडिओ कॉलवरच्या लोकांना काय वाटेल म्हणून म्हणाला. आणि भजन गावातल्या मंडळींनी केलं असतं तर मीच टाळ घेतला असता, हे मोबाइलमधलं होतं, मधे मधे जाहिरात लागत होती.

---

माणदेशी_माणूस

माउली, शास्त्रात रडू नये म्हणून लिहावं लागलं याचाच अर्थ लोक रडत होते आणि मोठ्यानं रडत होते. आणि रामायण-महाभारत काय आहे मग? वाली पडल्यावर तारा रडती, रावण पडल्यावर मंदोदरी रडती, आणि मंदोदरीचं रडणं नीट वाचा, ती रावणाचा पराक्रम सांगती आणि त्याच दमात सुनावती पण, की सीतेला आणलंस तिथंच तुझं मरण ठरलं. पुढं स्त्रीपर्वात गांधारी एकेका पोराचं प्रेत बघत रडत जाती आणि शेवटी थेट कृष्णालाच शाप देती. आमच्या चुलत्या-मावश्या तेच करतात, गुण पण गातात आणि हिशोब पण मांडतात. राणीनं केलं तर विलाप आणि आमच्या बायांनी केलं तर गोंगाट, असं कसं?

---

आळंदीकर_वारकरी

मुद्दा बरोबर आहे. आणि तुम्ही म्हणालात म्हणून आठवलं, आमच्या संप्रदायातच याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं असं वाटतंय. नामदेवरायांचे समाधीचे अभंग. ज्ञानोबा माउलींनी १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, नामदेव महाराज तिथे होते, त्यांनी तो सगळा प्रसंग अभंगांत सांगितला. त्यात निवृत्तीनाथ, जे स्वतः माउलींचे गुरू, योगी पुरुष, ते कसे कोसळले ते आहे, आईबाप सोडून गेले तेव्हासुद्धा असं संकट वाटलं नव्हतं असं ते म्हणतात. इतकं ब्रह्मज्ञान असलेली माणसं, आणि नामदेवरायांनी कुणाचंही रडणं लपवलं नाही.

आजही त्रयोदशीला आळंदीत समाधीपुढे नामदेवरायांचे वंशज, नामदास महाराज, याच प्रसंगाचं कीर्तन करतात. मी लहानपणापासून त्या गर्दीत उभा राहतो. माउली गाभाऱ्यात निघाली त्या जागेला कीर्तन आलं की सगळा मंडप रडतो, पोलीस, फुलवाले, सगळे. सातशेच्या वर वर्षं झाली त्या घटनेला. एका घराण्यानं ते रडणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय, आणि त्याला कुणी मोठ्यानं रडू नका म्हणत नाही.

तर ताई, माझं मत थोडं बदलून सांगतो, मयताच्या दिवशी भजन आणि बायकांचं रडणं एकमेकांच्या आड यायचं कारण नाही. आमच्याकडे आधी बायकांचं होऊ देतात, उचलायची वेळ झाली की मग टाळ सुरू होतो. तसंच ठेवावं.

---

शिरोळची_वहिनी

मी थोडं वेगळं सांगते. आमच्या भागात सगळ्यात मोठा आक्रोश कधी उठायचा तर बाईच्या बांगड्या फोडताना. नवरा गेलेल्या बाईला न्हाणीत न्यायचं, कपाळ पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, आणि सगळ्या बायका एकदम सूर लावायच्या. लहान असताना मला वाटायचं त्या मेलेल्या माणसाला रडतायत. नंतर कळलं की त्या तिला रडायच्या, जी जिवंत होती तिला.

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून हे सगळं बंद केलं, नंतर सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. फार चांगलं झालं. आता आमच्या भावकीत गेल्या वर्षी दीर वारले तेव्हा जावेच्या हाताला कुणी हात लावला नाही. ती नवऱ्याजवळ बसून मनसोक्त रडली, तिचं स्वतःचं, कुणी न्हाणीत ओढून नेलं नाही. असं रडणं मी आमच्या घरात पहिल्यांदाच बघितलं. त्यामुळे जुनं सगळं जपा असं नाही, सूर जपायचा आणि बांगड्या फोडणं टाकायचं.

---

पुण्यातला_लातूरकर

वाचतोय सगळं. लिहू का नको असं चाललं होतं.

माझी आई एप्रिल २०२१ मध्ये गेली, कोविडमध्ये. तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती पण आमच्याकडे तेवढीही नव्हती, मी आणि मेव्हणा दोघंच, तेही लांब उभे. शांतता म्हणजे इतकी की भट्टीच्या पंख्याचा आवाज फक्त. रडूच आलं नाही. घरी येऊन अंघोळ करून बसलो तर लातूरहून मावशीचा फोन. मी हॅलो म्हणालो तर पलीकडून एकदम सूर. स्पीकरवर टाक म्हणाली आणि पाऊण तास रडली, आईचं लहानपण, दोघी बहिणी एका दप्तरात पाटी नेऊन शाळेत जायच्या ते, आईचं लग्न, मी झालो तेव्हा कसा पाऊस होता ते सगळं. माझी बायको कोकणातली, तिच्या माहेरी असं नसतं, ती दाराशी उभी राहून ऐकत होती आणि ती पण रडायला लागली. शेजारचे गॅलरीत आले. येऊ देत म्हटलं.

आई खरंच गेली हे मला त्या फोनमुळे कळलं. त्या वर्षी किती घरांत हे झालंच नसेल.

ताई तुमच्या भावाला सांगा, व्हिडिओ कॉलवर ऐकणाऱ्या बाहेरच्या मंडळींना कदाचित तेच हवं असेल.

---

मेळघाटातला_मास्तर

मी धारणी तालुक्यात बरीच वर्षं शाळेवर आहे, मूळचा अकोल्याचा. इथल्या कोरकू लोकांत वेगळंच आहे म्हणून सांगतो. माणूस गेला त्या दिवशी रडणं होतं तसं होतंच, पण खरा मोठा विधी नंतर, त्याला सिडोली म्हणतात. पैसा-धान्य जमलं की करतात, कधी कधी वर्षं जातात, मग घरातल्या एकापेक्षा जास्त गेलेल्यांची एकदमच. सागाच्या लाकडाचा एक कोरीव फळा करतात, मुंडा, त्यावर चंद्र-सूर्य, घोड्यावरचा माणूस असं कोरलेलं असतं, आणि तो गावाबाहेर झाडाखाली नेऊन ठेवतात. तेव्हा गाणी होतात, नाच होतो. गाणी कोरकूत, ती भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाहीच, त्यामुळे मला सुरुवातीला काही कळायचं नाही, पोरांकडून अर्थ विचारून घ्यायचो. गेलेल्या माणसाला आता पितरांत जा, तुझी सोय केली, असं सांगून निरोप द्यायचा असा एकंदर रोख.

मला यातलं आवडतं ते असं की दुःखाला मुदत नाही. तेराव्याला सगळं आवरून कामाला लागा अशी घाई नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांची सिडोली झाली तेव्हा ती जन्मायच्या आधी ते वारलेले होते, तरी ती गाण्यात होती.

---

भीमनगर_औरंगाबाद

जय भीम. आमच्याकडे त्रिशरण-पंचशील होतं, भंतेजी किंवा बौद्धाचार्य गाथा म्हणतात, नंतर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. त्या रात्री बऱ्याच ठिकाणी गायन पार्टी असते, हार्मोनियम-ढोलकीवर भीमगीतं, बुद्धगीतं, मधे गेलेल्या माणसावर शाहिरानं जागच्या जागी बांधलेलं कडवं. नाव, गाव, नोकरी, मोर्चात गेला होता का, पोरं किती शिकवली, सगळं त्यात घालतात. म्हणजे माणदेशी भाऊंनी सांगितलं तेच, फक्त ढोलकीवर आणि पुरुषाच्या तोंडून.

पण बायकांचं रडणं राहिलंच. आणि एक सांगतो, माझी आजी घरातल्या कुणासाठी जेवढी रडली नसेल तेवढी ६ डिसेंबरला रडायची. १९५६ साली ती नवीन सून होती. रेडिओवर बातमी आली तेव्हा गल्लीतल्या चुली पेटल्या नाहीत असं सांगायची, आणि बाया रस्त्यात बसून बाबासाहेबांना बाप म्हणून रडल्या, लेकीनं बापाला रडावं तसं. ती आयुष्यभर ते तसंच्या तसं म्हणायची, दर वर्षी. आम्ही चैत्यभूमीला नेलं तेव्हा दादरला रांगेत उभी राहून म्हणाली होती, पुढच्या मागच्या बायकांनी लगेच तिच्यात सूर मिळवला, कोण कुठल्या गावच्या काही माहीत नाही. बीडच्या ताईंनी पारीचं सांगितलं त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या पण भरपूर आहेत, माजलगावच्या बायकांच्या, जरूर ऐका.

---

फलटणची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. लातूरकर दादा, तुमचं वाचून मी भावाला तेवढा भाग पाठवला. त्यानं अजून काही लिहिलं नाहीये पण वाचलंय.

आता माझा शेवटचा प्रश्न राहिलाच. आत्याला परत म्हणायला सांगावं का? आई म्हणते घरात कुणी गेलेलं नसताना असं रडणं अशुभ असतं, तोंडातनं काढू नये, कुणीतरी बोलावल्यासारखं होतं. मला आत्याला अडचणीत पण टाकायचं नाहीये.

---

बीडची_लेक

आई बरोबर सांगतायत, आमच्याकडेही तसंच मानतात आणि ते मोडू नका. "म्हणून दाखव" असं चुकूनही म्हणू नका, ती आत्या आहे, कार्यक्रम करणारी नाही. आणि खोटं रडायला लावलं तर तिला स्वतःलाच ते बोचेल.

त्यापेक्षा "सांग" म्हणा. आजी खडी फोडायला गेली तेव्हा तू केवढी होतीस, चष्म्याला दोरा कुणी बांधून दिला, असं विचारा. सांगता सांगता सूर लागला तर लागू द्या, मधे बोलू नका. पितृपक्षात आजीच्या तिथीला किंवा वर्षश्राद्धाला विचारलं तर शुभ-अशुभाचा प्रश्नच येत नाही, त्या दिवशी आठवण काढायचीच असते. आणि घरात नको वाटलं तर रानात, बांधावर. आमच्या बायका तिथे जास्त मोकळ्या होतात.

ओव्या मात्र कधीही मागा, त्याला काही बंधन नाही. आत्याला आजीच्या नावाच्या ओव्या येत असणारच.

---

माणदेशी_माणूस

बीडच्या ताईंना दुजोरा. रेकॉर्डिंगचं एवढंच की आत्याला आधी सांगून ठेवा की फोन चालू आहे, लपवून करू नका. आणि ती म्हणाली की एवढं ठेव, एवढं पुस, तर तिचं ऐका, गाऱ्हाण्यात घरातल्या जिवंत माणसांची नावं येतात आणि ती व्हॉट्सॲपवर गेली तर भांडणं लागतील.

अजून एक, धाकट्या आत्यालाही त्याच वेळी बोलवा. एकटीला सुचत नाही, समोर उत्तर देणारी लागती.

---

फलटणची_नात

हे डोक्यातच आलं नव्हतं. धाकटी आत्या बारामतीला असते, पितृपक्षात दोघींना एकत्र आणते गावी. आजी अविधवा नवमीची नाही, आजोबा आधी गेले, त्यामुळे तिथी भटजींना विचारून घेते. जमलं की इथेच लिहीन, आत्या हो म्हणाली तर.